चार फुटांत नेरळ

घरात खेळण्यातली नव्हे, 'मॉडेल'वाली आगगाडी आणायची म्हटली की लोक आधी किंमत विचारतात. किमतीचं काही ना काही जमतं. दिवाळीचा बोनस असतो, मोडायला एखादी एफडी असते, बायकोला खरा आकडा न सांगण्याची परंपरा असते. अडतं ते वळणाशी.

एचओ या मापाची गाडी घ्या. जगात सगळ्यांत जास्त चालतं ते हेच माप. खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाएवढी गाडी, दोन रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर. खोक्यातून येणाऱ्या तयार रुळांत सर्वांत आखूड वळण साधारण ३६ सेंटिमीटर त्रिज्येचं असतं. म्हणजे गाडी नुसती वळून परत यायची तरी पाऊण मीटर रुंदी गेली. कडेवरून इंजिन फरशीवर पडू नये म्हणून चार-चार बोटं जागा सोडली की झाले पावणेतीन फूट. आणि हे आखूड वळण झालं. लांब डब्यांच्या गाड्या त्यावरून जायला नाखूश असतात, गेल्याच तर त्यांची टोकं अशी बाहेर लटकतात की बघवत नाही.

अमेरिकनांनी यावर पूर्वीच तोडगा काढला : आठ बाय चारचा प्लाय. तिकडच्या नवशिक्यांच्या पुस्तकांत ढिगाने आराखडे सापडतात ते याच मापाचे. त्यामागे रेल्वेचं कुठलंही शास्त्र नाही. प्लायवूड त्या मापात मिळतं, एवढंच. आपल्याकडेही त्याच मापात मिळतं. फक्त आपल्या इमारतीच्या लिफ्टमध्ये ते मावत नाही आणि जिन्याच्या पहिल्याच वळणावर अडकतं, म्हणजे वळणाचा प्रश्न गाडीच्या आधी प्लायलाच भेडसावतो.

समजा, चढवलं वर. आता माणसाचा हात पुढे वाकून अडीच फुटांपर्यंत पोचतो. चार फुटी फळी भिंतीला लावून ठेवली तर मागचा दीड फूट परमुलखात गेला. आणि गाडी रुळावरून घसरते ती नेमकी मागच्या कोपऱ्यात; पुढच्या बाजूला, हाताशी, घसरलेली गाडी कुणी पाहिलेली नाही. तेव्हा फळीच्या चारही बाजूंनी फिरायला दोन-दोन फूट सोडा. बारा गुणिले आठ, शहाण्णव चौरस फूट. डोंबिवलीत एवढ्या जागेला बेडरूम म्हणतात आणि तिच्यासाठी वीस वर्षांचं कर्ज मिळतं.

आमचे साडू डोंबिवलीचेच. बँकेत असतात, स्वभावाने सौम्य, आणि घर एक बेडरूम-हॉल-किचन. त्यांना हा नाद कसा लागला याची चौकशी मी केलेली नाही. नाद लागलेल्या माणसाला कारण विचारलं की तो पहिल्यापासून सांगतो. पण त्यांच्यामुळे या मंडळींचं जग मला जवळून बघायला मिळालं, आणि माझं ठाम मत झालं आहे की हा छंद राजवाड्यातल्या माणसाचा नाही, चाळीतल्या माणसाचा आहे. ज्याच्याकडे जागा आहे तो रूळ टाकत सुटतो. ज्याच्याकडे नाही त्याला विचार करावा लागतो.

जागा नसली की माणसाचा पहिला उपाय गाडी लहान करण्याचा. एचओच्या खाली एन. जपानात १ : १५०, इतरत्र बहुतेक ठिकाणी १ : १६०, आणि रूळ नऊ मिलिमीटरचे. जपानी घरं आपल्यासारखीच, त्यामुळे त्या देशाने एन गेज मनापासून उचललं. तिथली कातो कंपनी १९६५ पासून या मापाच्या गाड्या करते आहे. टोमिक्स या दुसऱ्या कंपनीने तर १०३ मिलिमीटर त्रिज्येचं वळण काढलं. म्हणजे छोटं इंजिन आणि एखाद-दोन आखूड डबे असतील तर गाडी आपल्या जेवणाच्या ताटात फिरेल आणि ती फिरत असताना मधल्या जागेत आमटीची वाटी ठेवता येईल. ज्यांच्याकडे ताटाइतकीही जागा नाही त्यांच्यासाठी तिथे दुकानं आहेत : मोठा मांडलेला रेल्वेमार्ग तयार असतो, तुम्ही आपली गाडी डब्यात घालून न्यायची, तासावर भाडं भरायचं, गाडी चालवायची आणि घरी यायचं. ही कल्पना आपल्याकडे कुणी काढली तर गाडी चालवणाऱ्यांपेक्षा बाकावर बसून सूचना देणारे जास्त येतील.

एनच्या खाली झेड. जर्मनीच्या मार्कलिन कंपनीने १९७२ साली बाजारात आणलं, १ : २२०, रूळ साडेसहा मिलिमीटर. यात लोक ब्रीफकेसमध्ये अख्खा डोंगर, बोगदा आणि गाव बसवतात. त्याच्याही खाली जपानमधून आलेलं टी, १ : ४५०, रूळ तीन मिलिमीटर. इथे अडचण वेगळीच. या छंदावर खर्च करण्याइतका पैसा हातात येतो तो साधारण पन्नाशीत आणि जवळचा चष्माही तेव्हाच लागतो. साडूंनी एकदा कुणाकडून तरी झेडचा एक डबा हातात घेऊन पाहिला होता. तो परत देताना तो हातात आहे की खाली पडला, हे त्यांना सांगता येईना.

दुसरा उपाय, खरी जागा लहान करण्याचा. साडूंना सुरुवातीला अर्थातच डोंबिवली करायचं होतं. माणूस पहिल्यांदा आपलं स्टेशन करतो. गणित मांडलं. बारा डब्यांची लोकल अडीचशे मीटरहून थोडी जास्तच भरते. भागिले सत्त्याऐंशी, तीन मीटर. म्हणजे दहा फुटांच्या हॉलमध्ये डोंबिवलीचा एक फलाट या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. गाडी फलाटावर उभी राहील. येऊ शकणार नाही आणि जाऊ शकणार नाही. रोज प्रवास करणाऱ्यांना यात काही वावगं वाटलं नसतं, पण साडूंचं समाधान होईना. चोवीस डब्यांच्या मेलगाडीचा हिशोब केला तर वीस फुटांहून जास्त आले, म्हणजे इंजिन आपल्या हॉलमध्ये आणि गार्ड शेजाऱ्यांच्या बेडरूममध्ये.

आणि माणसं? एचओत माणूस दोन सेंटिमीटरचा. ही माणसं युरोपातून येतात, पाकिटात सहा, आणि स्वस्त नसतात. सगळी ओव्हरकोटातली, हातात छत्री, एकाच्या हातात तर कुत्र्याची साखळी. जर्मन बाईला ब्रशने साडी नेसवणं जमतं म्हणे, पण सकाळी आठ-बावीसच्या गर्दीसाठी किती बायका रंगवणार? रिकामा फलाट ठेवला तर तो डोंबिवली वाटत नाही. यावर साडूंनी वेळ बदलायचं ठरवलं : आपलं स्टेशन रात्री अडीच वाजताचं. फलाट रिकामा, एक चहावाला, दोन झोपलेले हमाल. उत्तम. फक्त रात्री अडीच वाजता लोकलही नसते. तो आराखडा फाईलमध्ये गेला.

या फाईलबद्दल थोडं सांगायला हवं. या छंदातला बराच मोठा भाग कागदावरच होतो, आणि पुष्कळ जण आयुष्यभर कागदावरच राहतात आणि सुखी असतात. आलेखाचा कागद, कंपास, तीन रंगांची पेनं. कागदावर गाडी घसरत नाही, धूळ बसत नाही, कुणी 'हे किती दिवस इथे राहणार?' असं विचारत नाही. कागदावरून पुढे सरकायचं म्हटलं की माणूस मोजायची टेप घेऊन घरात फिरायला लागतो. त्या आठवड्यांत आमच्या मेव्हणीचा आवाज चढा होता.

"अहो, त्या टेपनं माझं कपाट मोजू नका."

"नुसतं बघतोय गं."

"तुम्ही नुसतं बघता आणि मग तिथे वायरी येतात."

दिवाणाच्या पोटात गाद्या, पाहुण्यांच्या चादरी आणि गौरींचं सामान. माळ्यावर पितळेची भांडी, जी वापरायचीही नाहीत आणि द्यायचीही नाहीत. टीव्हीखालची जागा मागितली तर टीव्ही ज्यांचा त्यांनी नकार दिला. परदेशात लोक इस्त्रीच्या घडीच्या टेबलावर रेल्वे बांधतात, पुस्तकांच्या कपाटाच्या एका खणात बांधतात, व्हायोलिनच्या पेटीतसुद्धा बांधतात. इस्त्रीचं टेबल साडूंनी सुचवून पाहिलं. त्यावर त्यांना जे उत्तर मिळालं त्यात इस्त्री कुणी करायची हा मुद्दा निघाला आणि चर्चा तिथेच थांबली. शेवटी दाराजवळचं चपलांचं कपाट सापडलं. लांबी चार फूट, खोली एक फूट, वरचा भाग मोकळा. तिथे फक्त किल्ल्या, वीजबिलं आणि लग्नपत्रिका असत. चर्चेअंती पत्रिका गेल्या, बिलं राहिली.

चार फूट बाय एक फूट. यात वळण नाही, गोल फिरणं नाही. आणि इथेच या छंदातली खरी हुशारी सुरू होते, कारण इंग्लंडमधल्या लोकांनी नेमक्या अशाच फळीवर डोकं चालवून ठेवलं आहे. त्यांच्याकडे महायुद्धानंतर घरं लहान आणि पैसा कमी होता.

सी. जे. फ्रीझर हे 'रेल्वे मॉडेलर' मासिकाचे बरीच वर्षं संपादक होते. लहान जागेचे आराखडे काढण्यात त्यांचा हातखंडा. १९५७ साली त्यांनी 'मिनोरीज' नावाचा एक आराखडा दिला : लंडनमधलं शेवटचं स्टेशन, तीन फलाट, सात फुटांच्या आत, फळी मधोमध दुमडून पेटीसारखी बंद होणारी. त्याची नक्कल आजही लोक करतात. यातली युक्ती अशी की दिसतं ते फक्त स्टेशन. गाडी सुटते, एका पुलाखालून जाते आणि नाहीशी होते. पुलापलीकडे पडद्यामागे चार-पाच उघडे रूळ असतात, ज्याला ते लोक फिडल यार्ड म्हणतात. नाटकात पात्र 'मी जरा पुण्याला जाऊन येतो' म्हणून विंगेत जातं तसा प्रकार. विंगेत उभे राहून साडू गाडी हाताने उचलतात, तिचं तोंड फिरवतात, आणि थोड्या वेळाने तीच गाडी कर्जतहून आली असं जाहीर होतं. प्रेक्षकांनी विंगेत डोकावायचं नाही, एवढी सभ्यता पाळली की चार फुटांत सगळा भारत मावतो.

फ्रीझर यांच्याइतकाच मोठा माणूस म्हणजे ॲलन राइट. त्यांनी 'इंगलनुक' नावाचं एक कोडं तयार केलं. उत्तर इंग्लंडमधल्या किलहम इथल्या मालधक्क्यावरून ते त्यांना सुचलं. रूळ तीन, सांधे दोन. एका सायडिंगमध्ये पाच वाघिणी, म्हणजे मालडबे, मावतात, उरलेल्या दोनमध्ये तीन-तीन, आणि इंजिनाच्या बाजूच्या तुकड्यावर इंजिन आणि तीन वाघिणी. एकूण वाघिणी आठ. चिठ्ठ्या टाकायच्या, त्यातून पाच नंबर ओळीने काढायचे आणि त्याच क्रमाने त्या पाच वाघिणींची गाडी जुळवायची. हातांनी उचलायचं नाही. इंजिन पुढे, इंजिन मागे, सांधा बदल, सोड, जोड. आठांतून पाच, तेही क्रमाने, म्हणजे ६,७२० वेगवेगळ्या गाड्या होतात. रोज एक केली तरी अठरा वर्षं.

हा खेळ बघायला बसलं की काय होतं ते सांगतो. साडू भिशीच्या डब्यातून चिठ्ठी काढतात. सात, दोन, पाच, एक, आठ. सात नंबर सगळ्यांत आत, भिंतीकडे. त्यासाठी पुढच्या दोन बाहेर काढायच्या. पण त्या दोघींना आधी कुठेतरी टाकून यायला हवं, आणि जिथे टाकायच्या तिथे पाच नंबर उभी, जी नंतर लागणार. इंजिन बोटभर लांबीचं, पण साडू त्याला 'जरा दमानं, जरा दमानं' म्हणत नॉब अशा हलक्या हातानं फिरवतात की आपणही श्वास धरतो. वाघीण टेकते, 'टिक्' असा आवाज येतो, आकडा अडकतो. पाहुणे आधी हसतात. पाच मिनिटांनी 'अहो, तसं नाही, ती आधी मागे घ्या' असं सुरू होतं. आमची मेव्हणी लांबून, भाजी निवडता निवडता, साडूंपेक्षा निम्म्या हालचालींत गाडी जुळवते. एकदा मी तिला विचारलं, कसं काय जमतं? ती म्हणाली, "आधी कुठल्यांना हात लावायचा नाही ते ठरवायचं." ॲलन राइट यांनी एवढ्या थोडक्यात सांगितलं असेल असं वाटत नाही.

चपलांच्या कपाटावर डोंबिवली मावेना म्हणून नेरळ आलं. निवड शहाणपणाची होती. नेरळ-माथेरान ही लहान गाडी १९०७ साली सुरू झाली. सर आदमजी पीरभॉय यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी ती बांधली, दोन फूट गेजची, कारण डोंगराच्या कडेला मोठ्या गाडीला वळायला जागाच नव्हती. म्हणजे खऱ्या जगातही जागेचीच अडचण. गाडी आखूड, इंजिन बुटकं, वळणं आधीच घोड्याच्या नालासारखी. शिवाय नेरळला दोन्ही रेल्वे शेजारी-शेजारी : पुढे मुंबईची मोठी लाइन, मागे माथेरानची छोटी. आता छोट्या लाइनवर एवढी मालवाहतूक कशाला, असं कुणी विचारलं तर साडूंकडे इतिहास तयार आहे. वर एक काल्पनिक विटांची भट्टी आहे, तिचा काल्पनिक मालक आहे, त्याचं भावाशी भांडण आहे आणि म्हणून आठ वाघिणी. या छंदातला प्रत्येक माणूस कधीच न झालेल्या रेल्वेचा इतिहासकार असतो. काहींच्या इतिहासाची पानं रुळांपेक्षा जास्त भरतात.

पण दोन गेज एका फळीवर आणले की एक विशिष्ट प्रकारचा माणूस घरी येतो. तो कमरेत वाकून, डोळा रुळाच्या पातळीला आणून बघतो आणि म्हणतो, "गेज चुकलंय." तो बरोबर असतो. आपली ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटर. एचओच्या हिशोबाने रूळ एकोणीस मिलिमीटरहून थोडे जास्त रुंद हवेत, बाजारात मिळतात साडेसोळाचे. म्हणजे मोठी लाइन खऱ्या हिशोबात २४ सेंटिमीटर अरुंद. छोट्या लाइनसाठी सात मिलिमीटरचे हवेत, सोयीला घेतात एन गेजचे नऊ मिलिमीटरचे. म्हणजे माथेरानची गाडी १७ सेंटिमीटर जास्त रुंद. साडूंचं म्हणणं, सरासरी काढा, फारसं काही चुकलेलं नाही. बँकेतला माणूस आहे, ताळेबंद जुळवायची सवय आहे.

यात आपल्याला संकोच वाटायचं कारण नाही, कारण मूळ पीठातच हा घोळ आहे. इंग्लंडची इंजिनं आकाराने लहान. १ : ८७ मध्ये त्यांच्या पोटात त्या काळची मोटार मावेना. म्हणून त्यांनी इंजिन थोडं मोठं केलं, १ : ७६, आणि रूळ मात्र साडेसोळाचेच ठेवले. त्याला म्हणतात ओओ. रूळ खरे १८.८३ मिलिमीटर हवेत. फरक २.३३ मिलिमीटर. एवढ्या फटीतून तीन पंथ निघाले : साडेसोळा चालतं म्हणणारे, १८.२ वाले आणि १८.८३ शिवाय पाणी न पिणारे. या पंथांमध्ये आजही रोटीव्यवहार आहे, बेटीव्यवहार नाही, कारण एकाची गाडी दुसऱ्याच्या रुळावर चालतच नाही. गेली कित्येक दशकं हे सुखेनैव सुरू आहे. पुणेकरांना या वादात उतरायची संधी मिळाली नाही याचं वाईट वाटतं. तसा पुण्याचा या विषयावर हक्कही आहे. भाऊ जोशी यांनी १ एप्रिल १९९८ रोजी कोथरूडमध्ये मिनिएचर रेल्वेचं संग्रहालय उघडलं, तेही जी. ए. कुलकर्णी पथावर. महाराष्ट्रातल्या अनेक मुलांनी, आणि त्यांना घेऊन गेलेल्या बापांनी, पहिली चालती मॉडेल गाडी तिथेच पाहिली. मुलं नंतर भेळ खायला गेली, बाप बिघडले.

आता बांधकाम. इथे मराठी माणूस जन्मतःच तयार असतो, कारण लहानपणी त्याने दिवाळीत किल्ला केलेला असतो. माती, गोणपाट, अळीव पेरून उगवलेली हिरवळ, सगळं अंगवळणी. फक्त प्रमाणाचा विचार किल्ल्यात वेगळा असतो. किल्ल्यावर आकार मानाने ठरतो : महाराज सर्वांत मोठे, मावळे दरवाजापेक्षा उंच, खाली गावातली गाय हत्तीएवढी. त्यात चूक काढायची कुणाची छाती नाही आणि काढूही नये. रेल्वेवाले याच्या बरोबर उलटं करतात. पुढे एचओचं घर, मागे एनचं, त्याच्या मागे भिंतीवर रंगवलेला डोंगर. एक फूट खोलीत दोन मैल दिसतात. साडूंनी तीन इंचात माथेरानचा डोंगर उभा केला आहे आणि रूळ भिंतीत जातात ती भोकं धुक्यात, म्हणजे कापसात, दडवली आहेत. पॉइंटचं नाव विचारू नका, प्रत्येक पाहुण्याला वेगळं सांगतात.

खडी घालण्याचं काम मात्र शिवणकामापेक्षा नाजूक. इमारतीच्या बांधकामावरची बारीक कच आणायची, आधी पिठाच्या चाळणीने चाळायची, मग चहाच्या गाळणीने, आणि गाळणीतून जी पडते ती रुळांमध्ये चमच्याने पसरायची. मऊ ब्रशने स्लीपरवरून झाडायची, एकेक खडा. मग पाणी फवारायचं. मग फेव्हिकॉल, निम्मं पाणी घालून, आणि त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब. तो थेंब विसरला तर फेव्हिकॉलचं पाणी खडीवर पसरत नाही, पाऱ्यासारखं गोळा होऊन घरंगळतं आणि सोबत खडे घेऊन जातं. ड्रॉपर कानात घालायच्या औषधाचा चालतो. रात्रभर वाळू द्यायचं. सांध्याच्या जिभेत एक थेंब गेला तर सकाळी सांधा कायमचा नेरळकडेच वळलेला सापडतो.

झुडपांसाठी जुन्या उशीतला फोम कापून, हिरवा रंग आणि पाणी घालून मिक्सरमध्ये फिरवतात. ही पद्धत जगभर चालते. जगभर ते मिक्सरचं कुठलं भांडं वापरतात ते माहीत नाही, साडूंनी चटणीचं वापरलं. रंग सुरेख आला, कोथिंबिरीचाच. त्यानंतर घरात इडली झाली की चटणीकडे सगळे आधी नीट बघून घ्यायचे. शेवटी ते भांडं साडूंना कायमचं बहाल करण्यात आलं आणि नवीन मिक्सर आला. मेव्हणीला बऱ्याच दिवसांपासून नवीन मिक्सर हवाच होता, हे मला नंतर कळलं. उकळलेली चहा पावडर वाळवून माळावरची माती होते. वायरीतल्या तांब्याच्या तारांना पीळ देऊन झाडांची खोडं होतात. लोहार चाळीतून स्विचेस, लॅमिंग्टन रोडवरून दिवे, स्टेशनरीच्या दुकानातून सनबोर्ड. हा सगळा खर्च 'सटरफटर' या सदरात जातो आणि इंजिनाहून मोठा असतो.

पावसाळा आला की प्लाय फुगतो, रूळ जरासे उचलले जातात आणि गाडी घसरू लागते. साडू शांत असतात. खऱ्या माथेरानची घाटातली गाडीही पावसाळ्यात बंदच असते, वर अमन लॉजपासून तेवढी शटल चालते. साडूही तेच करतात : चार इंचांच्या तुकड्यावर इंजिन मागे-पुढे.

रात्री कपाटावर पाल येते. चार इंचांची पाल सत्त्याऐंशीने गुणली की जवळपास नऊ मीटरचं जनावर नेरळच्या फलाटावर. यात विनोद असा की कॅलिफोर्नियातले जॉन ॲलन, या क्षेत्रातले फार थोर गृहस्थ, यांनी आपल्या रेल्वेवर शंटिंगसाठी एक डायनासोर ठेवला होता. स्टेगोसॉरस, नाव एमा. ॲलन यांनीही शंटिंगचं एक कोडं केलं, 'टाइमसेव्हर', १९७२ साली ते छापून आलं. त्यांची मोठी रेल्वे तळघरभर पसरलेली होती. १९७३च्या जानेवारीत ते गेले आणि त्याच महिन्यात आग लागून ती रेल्वेही गेली. पण त्यांची सुरुवातही साधारण सात फूट बाय पावणेचार फुटांच्या फळीवरच झाली होती, आणि त्यांचं कोडं लोक आजही लहान फळ्यांवर सोडवतात.

मोठ्यांची गोष्ट निघालीच आहे म्हणून : हॅम्बुर्गमध्ये २००१ साली उघडलेलं 'मिनिआटूर वुंडरलँड' आहे, मजलेच्या मजले. गायक रॉड स्टुअर्ट यांनी लॉस एंजलिसच्या घरात एक अख्खं अमेरिकन शहर वीसहून अधिक वर्षं खपून उभारलं, आणि दौऱ्यावर असताना मॉडेलसाठी हॉटेलात वेगळी खोली घेत. थोर आहे, बघण्यासारखं आहे. पण मला विचाराल तर त्यात साडूंच्या साडूंनी, म्हणजे मी, काय बघायचं? दिपून जायचं, एवढंच. चपलांच्या कपाटावरच्या नेरळमध्ये मात्र पाच नंबरची वाघीण कुठे टाकायची हे मलाही मत देता येतं.

इंग्लंडातले रेव्हरंड पीटर डेनी यांचं मला त्यामुळेच जास्त आवडतं. त्यांचं 'बकिंगहॅम' दोन माणसांनी चालवायची रेल्वे होती, एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला मुलगा क्रिस्पिन. मुलगा मोठा होऊन हाताशी येईनासा झाला, तेव्हा त्यांनी पलीकडचं स्टेशन चालवायला एक यंत्र केलं आणि त्याला नाव दिलं 'ऑटोमॅटिक क्रिस्पिन'. आमच्या साडूंचा मुलगा सध्या बंगळूरला असतो. साडूंनी हे वाचल्यापासून लॅमिंग्टन रोडच्या फेऱ्या वाढल्या आहेत.

तेव्हा वाचकहो, घरात जागा नाही म्हणून मागे राहू नका. इंगलनुकला एचओमध्ये चार फूट लांबी आणि एक फूट रुंदी पुरते, एनमध्ये सव्वादोन फुटांत भागतं. एक इंजिन, आठ वाघिणी, दोन सांधे, आठ चिठ्ठ्या. फक्त फळी कापायच्या आधी जवळचं दार पूर्ण उघडून बघा, आणि मिक्सरचं जुनं भांडं कोणतं हे घरात विचारून घ्या.